दाभोळच्या काकांशी मैत्रीचा डाव

ताई गेली त्याला आता तीन वर्षं होतील. ती असताना हे लिहिता आलं नसतं, आणि ती गेल्यावर लिहिण्यात शौर्य काही नाही, हे मला कळतं. तरी लिहितो. माझ्या गाढवपणांची यादी मोठी आहे आणि त्यातले बरेचसे मी लग्नाच्या पंगतींत सांगून लोकांना हसवलं आहे. हा एक कधी सांगितला नाही. सांगायला घेतला असता तर पहिली पाच मिनिटं लोक हसले असते, आणि नंतर त्यांना कुठे बघावं ते कळलं नसतं.

आमचं घर रत्नागिरीत, बंदराकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या मध्यावर. जांभ्याच्या पायऱ्या चढून येणाऱ्याला आमच्या खळ्याशी, म्हणजे पुढच्या अंगणाशी, थांबून श्वास घ्यावाच लागे, त्यामुळे पाणी मागणारे पुष्कळ आणि बातम्या सांगणारे त्याहून जास्त. खालून सकाळपासून लाँचींच्या इंजिनांची टकटक यायची, मग बर्फाच्या कारखान्याची घरघर, मग लिलावाचा आरडाओरडा. अण्णा, म्हणजे वडील, बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते. ते दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत आणि त्यातली चार जेवणाबद्दल असत. आई दोघांच्या वाटचं बोलायची. तिच्या हातचे घावने इतके पातळ आणि जाळीदार की अण्णा ताटातला घावन उजेडाकडे धरून म्हणायचे, यातून पेपर वाचता येईल. कुळथाची पिठी, चुलीत भाजलेला सुका बांगडा आणि उकड्या तांदळाची पेज. या जेवणावर आम्ही चार माणसं वाढलो आणि बऱ्यापैकी सुखात होतो, असं मी अजूनही म्हणतो. फक्त त्या सुखाला एक दार होतं आणि ते अधूनमधून घाईघाईने लावून घ्यावं लागे.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिला फिट यायची. हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. त्याला ‘ते’ म्हणायचं. ‘काल ते आलं होतं,’ ‘ते येऊन किती महिने झाले गो,’ असं आई कुजबुजायची, जणू कोणी नकोसा पाहुणा गावातून येऊन राहून गेला. ते आलं की आई दार लावायची, अण्णा ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे आणि मी रेडिओ मोठा करायचो. ही माझी नेमणूक होती आणि मी ती अनेक वर्षं इमानाने केली. आजही कोणी रेडिओचा आवाज अचानक वाढवला की मी आधी दाराकडे बघतो. शाळेत एकदा सगळ्यांसमोर ते आलं, त्या दिवसापासून ताईची शाळा बंद झाली. पुढे एका चांगल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. रोज संध्याकाळी एक. चुकवायची नाही, हे त्यांनी अण्णांना, आईला आणि ताईला वेगवेगळं बोलावून सांगितलं. मी सांगतो त्या सुमारास ताई चोवीस वर्षांची होती आणि ते दीड वर्षात एकदाही आलेलं नव्हतं.

बुद्धिबळ मला ताईनेच शिकवलं. शाळा सुटल्यावर तिच्याकडे वेळच वेळ होता. तिचा खेळ सावकाश. सुरुवातीला ती कडेचं एखादं प्यादं एक घर सरकवून गप्प बसायची आणि म्हणायची, “आधी तुझं काय ते बघू.” मला हे बावळटपणाचं वाटे. मी वाचनालयातून बुद्धिबळाची पुस्तकं आणून डावांच्या सुरुवाती घोकायला लागलो होतो. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, मग राजा कोटात. इतर पोरं कॉलेजच्या कट्ट्यावर बसून मुलींकडे बघायची. मी तिथे बसून उंट तिसऱ्या चालीला कुठे न्यावा यावर व्याख्यान द्यायचो. मुलीच काय, पोरंही माझ्यापासून लांब बसायला लागली. पण पाखाडीवर माझं नाव झालं होतं आणि एकोणीस वर्षांच्या माणसाला पाखाडीभर कीर्ती पुष्कळ झाली.

या कीर्तीचा पहिला बळी मालगुंडचे एक मामा. ताईला बघायला आलेल्या मुलाचे हे मामा, पडवीत पट दिसला म्हणून हौसेने बसले. मी त्यांना चार चालींत मात केलं. वजीर आणि उंट एकदम राजाशेजारच्या प्याद्यावर नेण्याची ती शाळकरी युक्ती आहे, जरा जाणकार माणूस तिच्यात सापडत नाही. मामा सापडले. घरातली सगळी माणसं बाहेर यायच्या आत डाव संपला होता आणि मी हसत होतो. मालगुंडहून आठवड्याने नकार आला. नकाराचं खरं कारण पत्रिका होती, असं मध्यस्थाने अण्णांना सांगितलंही. पण आईच्या मनात ते मामाच बसले. “मेल्या, तुझ्या त्या सोंगट्या चुलीत घालीन,” असं ती पुढे महिनाभर म्हणत होती.

म्हणून दाभोळची माणसं येणार ठरलं तेव्हा तिने मला आधीच स्वयंपाकघरात गाठलं. मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला, वडील चाळीस वर्षं गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, आणि मध्यस्थ म्हणाला होता की म्हाताऱ्याला बुद्धिबळाचं वेड आहे. आई ओलं खोबरं वाटत होती, घावनांबरोबर गुळाचा रस करायचा होता. वाटता वाटता, मान वर न करता तिने हुकूम सोडला. “पट मांडलाच तर हरायचं. कळलं? निमूट हरायचं.”

मी कबूल झालो. हरण्यात काय कठीण आहे, असं मला वाटलं.

दाभोळचे काका सुकवलेल्या मासळीसारखे काटक होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि पडवीत मांडी घातली. त्यांची बायको माजघरात आई आणि ताईशी बोलत होती. मुलगा भला वाटला; त्याने ताईला तिला काय करायला आवडतं ते विचारलं, जे आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि ताईने मान वर करून उत्तर दिलं, जे तिने आजवर केलं नव्हतं. मग अण्णा त्याला मागची आंब्याची कलमं दाखवायला घेऊन गेले. पडवीत काका आणि मी.

“खेळतोस, की नुसता मांडून ठेवतोस?” त्यांनी पटाकडे हनुवटी करून विचारलं.

मी म्हणालो, थोडंथोडं येतं. ते म्हणाले, थोडं येतं म्हणणाऱ्याची त्यांना फार भीती वाटते, मांड. मग नियमांची बोलणी झाली. त्यांच्या जुन्या पद्धतीत प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, आणि सुरुवातीला दोघांनी आपापल्या अर्ध्या पटात काही चाली सलग करून घ्यायच्या. त्याला ते घर बांधणं म्हणत. पण घर माझं तेव्हा कायदाही माझा, असं म्हणून त्यांनी पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे सरकवल्या.

इथे मी थांबतो, कारण या ठिकाणी मी पुढची कित्येक वर्षं थांबत आलो आहे. हरायचं ठरलेल्या माणसाने सुरुवात कशी करावी? ताईसारखं कडेचं प्यादं हलवावं. घोडा बाहेर काढावा आणि परत आत न्यावा. बावळट वाटावं. पण पट समोर आला आणि माझा हात आपोआप चालायला लागला. राजापुढचं प्यादं दोन घरं. घोडा. उंट. राजा कोटात. आठ चालींत मी असा डाव मांडला की पुस्तकात छापावा. काकांनी दोनदा “हं” केलं, आणि त्या “हं”ने मी इतका फुगलो की आईचा हुकूम साफ विसरलो. आता मोबाइलवर मी परक्या माणसांशी खेळतो, तेव्हा डाव संपल्यावर ते यंत्र लाल खूण करून दाखवतं, अमुक चालीला घोडचूक. माझी बहुधा विसाव्या-बाविसाव्या चालीला असते. त्या दुपारची लाल खूण कुठे करावी हे मला बरीच वर्षं कळत होतं असं वाटायचं: पहिल्याच चालीला. ते खरं नव्हतं, पण त्याकडे येतो.

माजघराच्या दारात आईचा पदर दिसला. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. मी भानावर आलो आणि घोडा उचलून काकांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. काकांनी तो घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपला हत्ती एक घर सरकवला. मी दुसरा घोडा दिला. तोही घेतला नाही. फुकटचं वाढलेलं ताट पाहुणा बाजूला सारतो तसं चाललं होतं. शेवटी मी वजीरच नेऊन त्यांच्या उंटासमोर उभा केला.

“वजीर मरतोय तुझा,” ते म्हणाले. मैत्रीच्या डावात हे सांगायची रीत असते.

“असू दे, काका.”

“चाल मागे घे.”

“नको. चाल म्हणजे चाल.”

“अरे, मी सांगतोय ना, घे मागे.”

“नको, काका.”

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आत बायका कशाला तरी हसत होत्या. “कोणी सांगितलान तुला हरायला?” त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हणालो, कोणी नाही. ते म्हणाले, आईने सांगितलं असणार, आणि त्यात तिची चूक नाही, पाहुण्याचा मान ठेवावा. मग पटाकडे बघत म्हणाले, “पण घर बांधताना माणूस कळतो. तू बांधलंस ते माहीतगारासारखं, आणि मग आपल्याच हाताने कौलं उतरवायला लागलास. मला बरं वाटावं म्हणून एवढ्याशा डावात इतकं करतात, तर दुसरं काय झाकलं असेल, असं माझ्या मनात आलं. मुलीचं काही आहे काय?”

“नाही,” मी म्हणालो. पण म्हणताना माझे डोळे आतल्या कोनाड्याकडे गेले, जिथे गोळ्यांची बाटली देवाच्या तसबिरीमागे ठेवलेली होती. काकांनी कोनाडा बघितला नाही. त्यांनी माझे डोळे बघितले.

त्यांनी आवाज चढवला नाही. उलट तो इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं. “होडीला चीर आहे हे किनाऱ्यावर सांगितलं तर बुजवता येते. भर समुद्रात कळली तर काय बुजवणार? मला मुलगी आवडली. माझ्या पोरालाही आवडलीय, तो कलमं बघत नाहीये, मघापासून खिडकी बघतोय. तुझ्या वडलांना सांग, जे काय असेल ते आठ दिवसांत दाभोळला येऊन सांगा, नाहीतर दोन ओळी लिहा. ऐकल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही. पण मी आपण होऊन विचारायला येणार नाही, ते तुमच्याकडून आलं पाहिजे. सांगशील?”

मी मान हलवली. त्यांनी डाव तसाच ठेवला, घावने खाल्ले, आईला म्हणाले की असे घावने त्यांच्या आईच्या हातचे खाल्ले होते. साडेचारच्या गाडीला ते गेले. पाखाडी उतरताना त्या मुलाने एकदा वळून बघितलं. ताई खांबामागे होती. मी ते बघितलं.

“हरलास ना?” आईने विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

मी निरोप सांगितला नाही. पहिल्या दिवशी सांगितला नाही कारण आई गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी सांगितला नाही कारण अण्णा आपण होऊन बाजारातून पापलेट घेऊन आले. तिसऱ्या दिवसापासून मात्र कारण एकच होतं, आणि ते आज लिहितानाही हात अडतो. निरोप सांगायचा म्हणजे तो कसा आला हेही सांगायला लागणार होतं. मी आठ चाली मिरवलो, मग सोंग केलं, मग पकडला गेलो, आणि डोळ्यांनी बहिणीचं गुपित दाखवून बसलो. ‘मालगुंडच्या मामांनंतर आता हे’ असं आई म्हणाली असती. एवढ्याला मी घाबरलो. स्वतःशी म्हणायचो, म्हातारा तसाच बोलला असेल, फिटचं कळल्यावर कोण करतं मुलगी. आठवा दिवस शुक्रवार होता. मी दिवसभर वाचनालयात बसलो आणि एकही पान उलटलं नाही.

दाभोळहून काही आलं नाही. येणार कसं, ते आमची वाट बघत होते आणि आम्ही त्यांची. महिन्याभराने आईने ठरवलं की शेजारच्या काकूने कुठेतरी तोंड उघडलं असणार. तिने काकूशी बोलणं टाकलं, आणि दोन परसांमधल्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, जायला-यायला वाट होती ती मला दगड रचून बंद करायला लावली. मी रचली. चांगली पक्की रचली. ती काकू शेवटपर्यंत आईला विचारत राहिली की माझं काय चुकलं ते तरी सांग.

वर्षाने बुरोंडीचं स्थळ आलं. त्या वेळी ताई पहिल्यांदा स्पष्ट बोलली. “त्यांना आधी सांगा. नाहीतर मी सांगते.” आई रडायला लागली, अण्णा उठून खळ्यात गेले. मग समजूत घालायला मला पाठवलं, कारण ताई माझं ऐकायची. मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणालो, “सुरुवातीलाच सगळं उघडं टाकायचं नसतं, ताई. आधी कोट पक्का करायचा. चार महिने जाऊ देत, माणसं आपली झाली की सांग.” दाभोळच्या डावातून मी हे शिकलो होतो. चूक लपवण्यात झाली असं मला वाटलंच नाही. नीट लपवता आलं नाही, सुरुवात चुकीची निवडली, एवढंच मला वाटलं. ताई म्हणाली, “तू म्हणतोस तर.”

लग्न झालं. ताई सासरी निघाली तेव्हा गोळ्या आईने मेतकुटाच्या डब्यात तळाशी घालून दिल्या. तीन महिन्यांच्या होत्या. त्या संपल्यावर नव्या कोणाकडून मागवायच्या आणि काय म्हणून, हे आमच्यापैकी एकानेही ठरवलेलं नव्हतं. ताईने लिहिलेलं एक पत्र आलं होतं, ‘मेतकूट संपत आलंय’ असं त्यात होतं. अण्णा पुढच्या रविवारी जाणार होते. त्याआधी गुरुवारी ते आलं. ताई चुलीशी होती, भाताचं मोठं भांडं उतरवत होती, आणि घरात सासरच्या ज्या दोघी होत्या त्यांना बाईला काय झालं हेच कळलं नाही. भूत लागलं म्हणून त्या आधी लांब पळाल्या. त्यांना दोष कसा द्यायचा, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

डावा हात खांद्यापर्यंत भाजला. दोन महिने दवाखान्यात काढल्यावर बुरोंडीचे थोरले दीर तिला जीपमधून घेऊन आले, तिची ट्रंक स्वतः उचलून खळ्यात ठेवली आणि अण्णांना म्हणाले, “आम्ही वाईट माणसं नाही. तुम्ही फसवलंत.” अण्णांनी पडवीतल्या खांबाला धरलं. त्या दिवशी ते दहातलं एकही वाक्य बोलले नाहीत, आणि पुढेही त्यांचा आकडा खाली खालीच येत गेला.

ताई मग घरीच राहिली. डाव्या हाताची बोटं आकसून तळव्याला लागली होती. उजव्या हाताने तिने घर चालवलं, आई-अण्णांचं शेवटचं केलं, माझ्या मुलांना न्हाऊ-माखू घातलं. माझ्याशी पुन्हा कधी बुद्धिबळ मात्र खेळली नाही. कारण विचारायचा मला धीर झाला नाही, तिनेही सांगितलं नाही.

दाभोळचा निरोप मी तिला सांगितला तो ती साठीच्या पुढे गेल्यावर. का सांगितला? ओझं उतरवायचं होतं, दुसरं काही नाही. तेही तिच्याच अंगावर. भर दुपारी आम्ही माजघरात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घेऊन बसलो होतो. मी सोलत होतो, ती मीठ लावत होती. मी सगळं सांगितलं: वजीर, कोनाडा, होडीची चीर, ‘ऐकल्याशिवाय नाही म्हणणार नाही’. खिडकीकडे बघणाऱ्या मुलाचंही सांगितलं. सांगताना एकदोन ठिकाणी मी सवयीने विनोद केले. ती हसली नाही, थांबवलंही नाही.

सगळं संपल्यावर तिने विचारलं, “किती दिवस वाट बघितली असेल रे त्यांनी?”

याचं उत्तर मला माहीत होतं. दाभोळच्या एका बोटवाल्याने मला पूर्वीच सांगितलं होतं. त्या मुलाचं लग्न दोन वर्षांनी झालं, आणि तोवर म्हातारा संध्याकाळी धक्क्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, रत्नागिरीहून आमच्याकडे कोणी आलंय का. ताई बुरोंडीला उंबरठा ओलांडत होती तेव्हाही तो विचारत होता.

“आठच दिवस,” मी म्हणालो. “तसं म्हणालेच होते ते.”

“मग ठीक,” ताई म्हणाली, आणि सोललेल्या आठळ्यांची वाटी तिने आपल्याकडे ओढून घेतली.